ताबा जुन्याच्याच नावावर

मित्रांनो, अहिल्यानगरच्या एका रक्तपेढीत मागच्या बाजूला एक छोटी खोली आहे. शिबिरांचे गुंडाळलेले फलक आणि पाय मोडलेली एक खुर्ची यांच्या मधोमध तिथे एक काळा लोखंडी खोका पडलेला दिसेल. त्याच्यावर चिकटपट्टी लावून सही केलेली आहे. तो खोका म्हणजे मी. मी एक जुना सर्व्हर आहे.

तुमच्या शाळेतल्या संगणकाला पडदा असतो, कळफलक असतो. मला त्यातलं काही नाही. दिवसरात्र जागं राहायचं आणि कोणी विचारलं की उत्तर द्यायचं, एवढंच माझं काम. नऊ वर्षांपूर्वी पुण्याहून टेम्पोतून मी इथे आलो. रक्तपेढीचे व्यवस्थापक राधाकृष्ण साहेब यांनी माझ्यासमोर नारळ फोडला आणि माझ्या कपाळावर कुंकवाचं बोट ओढलं. थोडं कुंकू पंख्याच्या जाळीतून आत गेलं. टाळ्या वाजल्या, पेढे वाटले, मंडळी निघून गेली. एक मुलगी मागे थांबली. तिने ओढणी खोचली आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने जाळीतला कणन् कण बाहेर काढला.

"एवढं आत गेलं तर पंखा बसेल याचा," ती म्हणाली. ऐकायला खोलीत दुसरं कोणीच नव्हतं.

ती सीमा. सीमा गायकवाड. शेवगावकडच्या एका शिक्षकाची मुलगी, घरातली पहिली इंजिनिअर. रक्तपेढीतल्या सगळ्या संगणकांची जबाबदारी तिच्या एकटीवर होती. पुढे नऊ वर्षं मला हात लागला तो बहुतेक तिचाच.

आता माझ्या कामाविषयी थोडं सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. माझ्या पोटात आणखी एक संगणक राहत होता. त्याला अंग नव्हतं. तो माझ्याच मेंदूवर आणि माझ्याच विजेवर चालायचा. अशा संगणकाला आभासी संगणक म्हणतात. कोणी रक्त दिलं, कोणाला दिलं, कोणत्या रुग्णाला काय चालतं आणि काय चालत नाही, हे सगळं तो सांभाळायचा. त्याच्या नोंदी मात्र माझ्या पोटात नसायच्या. त्या खालच्या कप्प्यातल्या साठवणपेटीत, एका वेगळ्या डिस्कवर असायच्या. कोणती डिस्क कोणाच्या ताब्यात आहे, याची एक छोटी वही त्या पेटीकडे असायची. शेताचा जसा सातबारा असतो ना, तसाच हा प्रकार. त्या डिस्कपुढे माझं नाव लिहिलेलं होतं.

ती वर्षं चांगली गेली. करोनाच्या काळात माणसं मुखपट्टी लावून रांगेत उभी राहायची, फोन खाली ठेवायला सवड नसायची आणि मी क्षणात दात्यांची नावं काढून द्यायचो. एकदा वर्तमानपत्रात रक्तपेढीचा फोटो छापून आला. फोटोत मागे, दाराच्या फटीतून, माझा हिरवा दिवा दिसतो. सीमाने ते कात्रण बरेच दिवस दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलं होतं.

त्याच काळात राजनंदिनी माझ्या ओळखीची झाली. ती दोन वर्षांची असल्यापासून इथे यायची. तिला थॅलेसेमिया होता. म्हणजे तिचं शरीर स्वतःला पुरेल एवढं रक्त तयार करत नसे, दर तीन आठवड्यांनी बाहेरून रक्त द्यावं लागे. तिचे वडील वैजनाथ जामखेडला विहिरीच्या मोटारी भरून द्यायचे. जळालेली तार काढायची आणि नवी गुंडाळायची, हा त्यांचा धंदा. पहाटेच्या एसटीने कडा-आष्टीवरून दोघं नगरला यायचे. हिवाळ्यात मुलगी गारठलेली असायची. बाकापासून माझी खोली चार पावलांवर होती. ती आत यायची आणि माझ्या पाठीमागून गरम वारा येतो तिथे दोन्ही तळहात धरून उभी राहायची.

"सीमाताई, ह्याला ताप आलाय का?" एकदा तिने विचारलं.

"रोजच असतो," सीमा म्हणाली. "औषध नाही त्याला."

"मला पण न्हाई," राजनंदिनी म्हणाली आणि हसली. तेव्हा ती सात वर्षांची होती.

वर्षं गेली तसा मी म्हातारा झालो. माझा एक पंखा घरघरू लागला. राधाकृष्ण साहेब खोलीवरून जाताना तोंड वाकडं करायचे. शेवटी आषाढात माझ्या जागी नवा सर्व्हर आला. चपटा, चकचकीत, आवाज न करणारा. श्रावणात सीमाने सगळ्या नोंदींची एक प्रत काढली आणि त्या नव्यावर रंगीत तालीम करून पाहिली. तालीम नीट झाली. पण नव्याला लागणारी बॅटरी यायला उशीर झाला आणि खरं स्थलांतर ऑक्टोबरपर्यंत लांबलं. मधल्या दहा आठवड्यांत रोजच्या नव्या नोंदी खालच्या पेटीतल्या डिस्कवरच जमा होत राहिल्या. तालमीची ती एक प्रत मात्र श्रावणात होती तशीच बाजूला पडून राहिली.

सीमाची इच्छा रविवारी काम करायची होती.

"साहेब, सकाळी चार तास रक्तपेढी बंद ठेवू. आभासी संगणक बंद करून हलवला की धोका नाही."

"बंद?" साहेब म्हणाले. "डेंग्यूची साथ चालू आहे, सीमा. प्लेटलेटसाठी दारात माणसं उभी आहेत. चालू असतानाच हलवता येतं, असं तूच म्हणाली होतीस ना?"

"येतं."

"मग कर की आज."

एका मंगळवारी दुपारी ते काम सुरू झालं. माझ्या पोटातल्या त्या संगणकाच्या मनात त्या घडीला जे जे चाललं होतं, ते सगळं मी नव्याकडे पाठवत गेलो. काउंटरवरच्या लोकांना काही जाणवलंसुद्धा नाही. शेवटची पायरी राहिली होती. पेटीच्या वहीतलं माझं नाव खोडून नव्याचं लिहायचं होतं. नेमके तेव्हा दिवे लुकलुकले. सगळ्यांना जोडणारा तारांचा छोटा डबा मिनिटभर बंद पडला आणि पुन्हा चालू झाला. आभासी संगणक पलीकडे पोचला होता, त्याने डिस्कही धरली होती, काम व्यवस्थित चाललं होतं. फक्त वहीत फेरफार झाला नव्हता. डिस्कपुढे अजून माझंच नाव होतं.

सीमाच्या पडद्यावर एक लाल ओळ आली. तिने ती वाचली. एका चिठ्ठीवर 'ताबा तपासणे' असं लिहून ती चिठ्ठी तिने नव्याच्या अंगावर चिकटवली. तेवढ्यात काउंटरवरून हाक आली, छपाईयंत्र अडकलं होतं. ती गेली. दुसऱ्या दिवशी त्या चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी बसली.

"तो आवाज आता तरी बंद कर," साहेब म्हणाले. सीमाने मला बंद केलं. फलकांच्या शेजारी मला ठेवताना तिने माझ्यावर एक जुनी चादर टाकली, हे आठवतं. त्यानंतर अंधार.

मित्रांनो, पुढचे चौदा दिवस मी बंद होतो. तेव्हाचं जे सांगतो आहे ते मला नंतर कळलं, नोंदींमधून आणि माणसांच्या बोलण्यातून.

शुक्रवारी सकाळी वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला, बॅटरी संपली आणि नवा सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला. त्याने आपल्या पोटातल्या संगणकासाठी डिस्क मागितली. पेटीने वही उघडून पाहिली आणि नकार दिला. ही डिस्क जुन्याच्या ताब्यात आहे, तुला मिळणार नाही. पेटीचं काही चुकलं नव्हतं. वहीत लिहिलं होतं तेच ती सांगत होती.

काउंटरसमोर तीस माणसं उभी होती. फोन वाजत होते. साहेब दारात येऊन उभे राहिले.

"किती वेळ?"

"पाहायला लागेल, साहेब. दोन तास तरी."

"दोन तास नाहीत आपल्याकडे. काहीतरी लाव. आत्ता चालू झालं पाहिजे."

तेव्हा सीमाने श्रावणातली ती प्रत लावली. पडदे उजळले, पिशव्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या छापून येऊ लागल्या. मधल्या दहा आठवड्यांचं त्यात काहीच नव्हतं. सीमाने काउंटरवर कागद चिकटवला, 'ऑगस्टपासूनच्या नोंदी रजिस्टरमध्ये पाहाव्यात.' संध्याकाळी खरी डिस्क लावायची, असं तिने ठरवलं होतं. संध्याकाळी साहेब म्हणाले, "चालतंय ना? साथ ओसरेपर्यंत हात लावू नकोस." शनिवारी आणि रविवारी पारनेरला शिबिर होतं, सोमवारी अकोले तालुक्यात. सीमाला दोन्हीकडे जावं लागलं. आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी जी बोच होती, ती तिसऱ्या दिवशी तेवढी राहिली नव्हती. काम चालत होतं ना.

त्याच सोमवारी राजनंदिनी आली. आता ती अकरा वर्षांची होती. सहावीत होती. काउंटरवर निकिता होती. तिला कामावर लागून दोनच महिने झाले होते आणि पहिला दीड महिना तिने शिबिरांवर काढला होता.

"ताई, हिला निवडून रगत लागतंय," वैजनाथ म्हणाले. "मागं पुन्याहून कागद आला हुता."

निकिताने पडद्यावर पाहिलं. "काका, इथं तसं काही दिसत नाही. बी पॉझिटिव्हच आहे ना?"

"गट त्योच हाय. पर त्यातबी एक जात न्हाई चालत. लई अवघड नाव हाय, मला म्हनता येत न्हाई."

"कागद आणलाय का?"

"घरी ऱ्हायला. समदं तुमच्या मशिनीत हाय म्हनले हुते की गेल्या खेपंला."

निकिता निष्काळजी नव्हती. तिने रजिस्टरही काढलं. तिथे राजनंदिनीचं नाव होतं, पिशव्यांचे क्रमांक होते. पुण्याहून आलेली ती सूचना मात्र फक्त संगणकात भरलेली होती. मग तिने मुलीच्या रक्ताचा थेंब आणि पिशवीतलं रक्त जुळवून पाहिलं. जुळलं.

"जुळलं, काका. काळजी करू नका."

मित्रांनो, पुन्हा पुन्हा रक्त घेणाऱ्या माणसाच्या शरीरात कधी कधी एखाद्या प्रकारच्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला राजनंदिनीच्या रक्तात अशी एक सापडली होती. अशा अँटिबॉडींपैकी काहींची खोड अशी की दीड-दोन महिने गेले की त्या लपून बसतात. तपासणीत दिसत नाहीत. पण चुकीचं रक्त आत गेलं की जाग्या होतात, पहिल्यापेक्षा जोराने. म्हणून ती गोष्ट एकदा कळली की जन्मभर लक्षात ठेवावी लागते. ती लक्षात ठेवण्यासाठीच तर आम्ही होतो.

त्यानंतर आठ दिवसांनी, मंगळवारी, मला जाग आली.

आधी वीज अंगात शिरली, मग पंखा घरघरला. चादर जमिनीवर पडली होती. सीमा गुडघे टेकून बसली होती आणि तिने माझी तार नुकतीच भिंतीत खोचली होती. दारात निकिता उभी होती. ती रडत नव्हती, नुसती उभी होती.

सकाळी वैजनाथने मुलीला नगरच्या इस्पितळात आणलं होतं. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. लघवी काळ्या चहासारखी होत होती. डॉक्टरांनी रक्तपेढीला फोन करून विचारलं, हिच्या रक्तात काही अँटिबॉडी होती का? निकिताने नमुना मागवून पुन्हा तपासला. या वेळी ती उघड दिसली. मग तिने सीमाला सांगितलं, "ताई, ते काका मला म्हणाले होते. काहीतरी चालत नाही, असं म्हणाले होते."

आता मुलीला योग्य रक्त लवकर हवं होतं. कोणत्या दात्यांचं रक्त तिला चालेल, हे सप्टेंबरमध्ये तपासून ठेवलेलं होतं. ती यादी खऱ्या डिस्कवर होती.

साहेब आत आले. त्यांचा शर्ट घामाने ओला झाला होता. "जोर करून लाव ना ती डिस्क! वही काय म्हणते त्याचं काय एवढं?"

"साहेब, दोघांच्या हातात एकदम गेली आणि दोघांनी लिहिलं, तर आहे तेही फाटेल. मग यादीच राहणार नाही." सीमाचा आवाज चढला नाही. "मला चाळीस मिनिटं द्या. कृपा करून बोलू नका."

सीमाने आधी वहीचीच एक प्रत काढून बाजूला ठेवली, म्हणजे हात चुकला तर मागे फिरता यावं. मग श्रावणातली प्रत घेऊन चाललेला तो संगणक बंद केला. काउंटरवर कागदावर लिहायला सांगितलं. मग तिने मला विचारलं, ही डिस्क तुझ्याकडे आहे का? मी माझं पोट तपासलं. माझ्याकडे तो संगणकही नव्हता आणि डिस्कही नव्हती. मी नाही म्हणालो. तिने नव्याला विचारलं. तोही नाही म्हणाला. डिस्क कोणाच्याच हातात नव्हती, फक्त वही माझं नाव सांगत होती. मग तिने वहीतली ती ओळ उघडली. माझं नाव काढलं. जुन्या जोडणीचा एक तुकडा वहीत दुसऱ्या पानावर लोंबत राहिला होता, तोही शोधून पुसला. नव्याचं नाव लिहिलं. लिहिलेलं दोनदा वाचलं, निकिताला मोठ्याने वाचायला लावलं. आणि डिस्क दिली.

पावणेदोन वाजता तो संगणक खऱ्या नोंदींसकट उठला. सीमाने नाव टाकलं. लाल चौकटीत ती सूचना होती, सहा सप्टेंबरची. जशीच्या तशी. एक अक्षर हललं नव्हतं. सीमाने ती वाचली आणि दात्यांची यादी उघडली.

यादीत चार दाते निघाले. एकाचा फोन लागला नाही, एक परगावी होता, एकाला ताप होता. चौथा सोपान. राळेगणसिद्धीचा, डेअरीवर दूध घालणारा. "निघालोच," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला आणि तासाभरात मोटारसायकलवर हजर झाला. रक्त काढलं, तपासलं, संध्याकाळी इस्पितळात पोचलं.

पण तोवर तिची मूत्रपिंडं थांबली होती. तिला डायलिसिसच्या यंत्रावर ठेवलं. दोन दिवस झगडा चालला. शुक्रवारी सकाळी राजनंदिनी गेली.

हे तुम्हाला सांगावं की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. तुमच्यातली कित्येक तिच्याच वयाची असाल. पण हे वगळून माझी गोष्ट सांगणं खोटं झालं असतं.

आता फाटलेल्या नोंदी जोडायच्या होत्या. खऱ्या डिस्कवर मंगळवारच्या स्थलांतरानंतर तीन दिवसांपर्यंतचं होतं, आणि तिथून पुढचं सगळं श्रावणाच्या प्रतीवर लिहिलं गेलं होतं. दोन्ही आपोआप एक होईनात. एकच क्रमांक दोन वेगळ्या पिशव्यांना पडला होता. सीमा आणि निकिता रजिस्टर घेऊन बसल्या. एकीने वाचायचं, दुसरीने भरायचं. जुळवताना लक्षात आलं की अशी लाल चौकट आणखी एका नावापुढे होती. भंडारदऱ्याकडच्या मनकर्णाबाई. त्यांची तारीख दुसऱ्या दिवशीची होती आणि त्यांच्यासाठी श्रावणाच्या प्रतीवरून पिशवी काढून ठेवलेली होती. निकिताने धावत जाऊन ती पिशवी कपाटातून बाहेर काढली. मनकर्णाबाईंना दुसरं रक्त मिळालं. काही घडलं होतं, हे त्यांना आजही माहीत नाही.

रक्तपेढी चालवणाऱ्या मंडळाला अहवाल पाठवायचा होता. साहेबांनी मजकूर तयार केला होता, 'जुना सर्व्हर अचानक नादुरुस्त झाल्याने काही नोंदी तात्पुरत्या उपलब्ध होऊ शकल्या नाहीत.' सीमाने फक्त सही करायची होती.

"कोणाचं नाव येत नाही यात," साहेब म्हणाले. "तुझं नाही, निकिताचं नाही. भंगारात जाणारा खोका आहे, त्याला काय होणार?"

सीमाने कागद घडी करून ठेवला. मित्रांनो, त्या दिवशी मला वाईट वाटलं. माझ्यासाठी नाही. ती खरंच सही करील, असं मला वाटलं, म्हणून.

रुग्णाची तारीख जवळ आली की आमचा संगणक घरच्यांच्या मोबाईलवर निरोप पाठवतो. रक्त दिल्यापासून बरोबर एकविसाव्या दिवशी. दोघींनी राजनंदिनीचा शेवटचा सोमवार प्रामाणिकपणे भरला होता. ती गेली, हे मात्र कुठे भरायचं राहून गेलं होतं.

एकविसाव्या दिवशी वैजनाथ आले. एकटेच. पहाटेच्याच एसटीने. त्यांनी काउंटरवर मोबाईल ठेवला.

"बोलावनं आलंय," ते म्हणाले. "आजची तारीख हाय."

निकिता उठून उभी राहिली. साहेब केबिनमधून बाहेर आले. "माफ करा, मशीनची चूक आहे. तेव्हाही जुनी मशीन खराब झाली होती, त्यामुळंच तर—"

"नाही साहेब," माझ्या खोलीच्या दारातून सीमा म्हणाली. "मशीन खराब नव्हती."

तिने वैजनाथना आत आणलं. खुर्ची दिली, ते बसले नाहीत. तिने सगळं सांगितलं. डिस्क कुठे होती, वहीत काय राहिलं, श्रावणातली प्रत कोणी लावली, ती किती दिवस राहिली. वैजनाथ ऐकत होते. मोटारी भरणारा माणूस, जोडणी म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं नाही.

"म्हंजे लोड नव्यावर गेला," ते सावकाश म्हणाले, "पर सातबारा जुन्याच्याच नावावर ऱ्हायला."

"हो."

"तुमाला दिसलं हुतं?"

बाहेर कोणीतरी गटाचं नाव मोठ्याने पुकारत होतं.

"दिसलं होतं. त्याच दिवशी दिसलं होतं."

"मंग?"

"मग दुसऱ्या कामाला लागले. पुन्हा पाहीन म्हणाले आणि पाहिलं नाही. चार दिवसांनी पाहिलं असतं तरी चाललं असतं."

वैजनाथनी भिंतीला हात टेकला. "पिशवी लावली तवा तिनं मला इचारलं हुतं. पप्पा, ह्येच का आपलं त्ये येगळं रगत? मी व्हय म्हनलो. ताई म्हनत्यात जुळलंय, म्हनलो."

सीमाने हात पुढे केला, पण तो कुठे ठेवावा ते तिला कळलं नाही. तिने तो मागे घेतला.

"ह्ये समदं लिहून द्या," वैजनाथ म्हणाले. "आत्ता सांगितलं तसंच. सही करून."

सीमाने लिहून दिलं. दोन पानं. साहेब दारात उभे राहून "सीमा, विचार कर" असं दोनदा म्हणाले. तिने शेवटी तारीख टाकली, सही केली, कागद वैजनाथच्या हातात दिले. त्यांनी ते घडी करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवले. मोबाईल उचलला. कोणाकडे न पाहता बाहेर गेले. त्यांनी तिला माफ केलं असेल, असं मी म्हणणार नाही. तसं काही मला दिसलं नाही.

सीमाची नोकरी गेली. चौकशी अजून चालू आहे. दोन अधिकारी आले, त्यांनी माझ्या पोटातल्या जुन्या ओळी वाचून उतरवून घेतल्या आणि पुरावा म्हणून मला चिकटपट्टी लावली. राधाकृष्ण साहेब अजून केबिनमध्ये बसतात. सीमा जाण्याच्या दिवशी माझ्या खोलीत आली. निकिताला तिने वहीतला ताबा कसा तपासायचा ते तीन वेळा करून दाखवलं, तिच्याकडून तीन वेळा करून घेतलं. सातवीतल्या मुलीला बाई गणित शिकवतात तसं. मग राजनंदिनीचं नाव उघडून, पुढची तारीख जिथे असते तो रकाना तिने स्वतः बंद केला.

निकिता आता काउंटरवर आलेल्या प्रत्येकाला आधी विचारते, "तुम्हाला स्वतःला काय माहीत आहे ते सांगा." ते वहीत लिहून घेते आणि मगच पडद्याकडे वळते. रांगेतली माणसं कधी चिडतात. ती घाई करत नाही.

मित्रांनो, मी जुना झालो आहे. मला जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. उद्या माझी चौकशी संपेल आणि मला भंगारवाला घेऊन जाईल, त्यात दुःख करण्यासारखं काही नाही. पण तुमच्यातलं कोणी उद्या सीमासारखं एखाद्या यंत्राची काळजी घ्यायला बसेल, कोणी निकितासारखं काउंटरवर उभं राहील. तेव्हा हलवलेली वस्तू नव्या घरात खरोखर कोणाच्या हाती आहे, हे त्याच दिवशी पाहा. अर्धं राहिलेलं काम चालताना दिसलं, म्हणून ते पुरं झालं असं समजू नका. आणि समोर उभा असलेला एखादा बाप काही सांगत असेल, त्याला ते नाव नीट म्हणता येत नसेल, त्याच्या हातात कागद नसेल, आणि तुमचा पडदा त्याच्या उलट सांगत असेल, तर थांबा. पडदा आमच्यासारख्यांनी भरलेला असतो, आणि आम्हाला जेवढं दिलं तेवढंच आम्ही सांगतो. तो बाप मात्र आपल्या मुलीविषयी बोलत असतो.